राक्षस गायब झाला... पुढे काय?

समजा, तीन तास खपून तुम्ही राक्षसाला पार टेकीला आणलंय. आता एक घाव बसला, की खेळ खल्लास. टेबलाभोवती सगळे उभे राहिलेत, फासा तुमच्या मुठीत आहे, कोणीतरी ‘उडव त्याला’ म्हणून ओरडतंय... आणि पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागे बसलेला गडी थंडपणे सांगतो, ‘‘तो हसतो आणि दिसेनासा होतो. दुसऱ्या प्लेनमध्ये गेला.’’

काय वाटेल तुम्हाला? मला विचाराल, तर समोरच्या वाटीतला चिवडा त्या गड्याच्या डोक्यावर ओतावासा वाटतो.

तर मंडळी, आज ना मल्टिप्लेक्स, ना नवं कॅफे. आज आपण बोलणार आहोत राक्षसांबद्दल. ऑफिसातल्या नव्हे, डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्समधल्या! आणि त्यातही एका फारच बारक्या प्रश्नाबद्दल, ज्यानं आमच्या ग्रुपमध्ये गेले दोन महिने भांडणं लावलीयेत. आपण आपला स्वतःचा राक्षस तयार करायचा, आणि त्याला या जगातून त्या जगात जाता यायला हवं, तर त्याला नेमकी कोणती विद्या द्यायची?

ज्यांच्या डोक्यावरून गेलं त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा क्रॅश कोर्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तयार केलेला हा खेळ १९७४मध्ये बाजारात आला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण होतो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, बाकीचे ‘मी दार लाथेनं उघडते’ वगैरे सांगतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, आजीची गोष्टच. फक्त नातवंडं मध्येच उठून स्वतः राक्षसाला भिडतात आणि आजीजवळ नियमांची तीन जाडजूड पुस्तकं असतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही २०१६मध्ये सुरू झालेली सीरिज पाहिली असेल, तर त्यातली पोरं तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ.

आता प्लेन. विमान नव्हे हो! आपल्याकडे ज्याला ‘लोक’ म्हणतात ते. स्वर्गलोक, पाताळलोक, त्यातला लोक. गायगॅक्सनं १९७७मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकात लेख लिहून या खेळातल्या लोकांची मांडणी केली, आणि १९८७मध्ये जेफ ग्रबचं ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ हे अख्खं पुस्तकच त्यावर आलं. मधोमध आपलं रोजचं, दगड-मातीचं जग, म्हणजे मटेरियल प्लेन. त्याला चिकटून धुक्यासारखा इथिरियल प्लेन. आणि बाहेर देवांचे, सैतानांचे, आगीचे, पाण्याचे असे भरपूर.

खरं तर आपल्याला यात नवीन काय आहे? नारदमुनी म्हणजे दुसरं काय? प्लेन शिफ्ट, दिवसातून हवं तितक्या वेळा, सोबत वीणा. आणि त्रिशंकू! स्वर्गानं खाली ढकलला, विश्वामित्रांनी मध्येच अडवला, तेव्हापासून अधांतरी लटकलेला. डी ॲण्ड डीच्या भाषेत ही अगदी शुद्ध नियमांची मारामारी आहे.

तर आमच्या ग्रुपमध्ये सहा जण. दोन आयटीवाले, एक डेंटिस्ट, एक सीए, मी (फ्रीलान्सर, म्हणजे सगळ्यात रिकामी असा सगळ्यांचा समज), आणि आमचा डीएम, जो आठवडाभर आर्किटेक्ट असतो. एक रविवार सोडून एक रविवार, चार ते आठ, कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटवर. पुस्तकं आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती वापरतो. २०२४मध्ये नियमांची सुधारित पुस्तकं आली, २०२५मध्ये राक्षसांचंही नवं पुस्तक आलं, पण आमच्या टेबलावर अजून जुनीच, चहाचे डाग पडलेली प्रत आहे. त्यामुळे इथले नियम २०१४चे समजा.

एका आयटीवाल्यानं या प्रश्नावर चक्क एक्सेल शीट केलं. मंत्राची पातळी किती, किती वेळ टिकतो, किती लांब जाता येतं, दिवसातून किती वेळा... रंगीबेरंगी, एकदम झकास. आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचे दोन कॉलमच नव्हते. एक : राक्षस गेल्यावर खेळाडूंना त्याच्या मागे जाता येतं का? आणि दोन : तोवर टेबलावर रिकामं कोण बसणार?

दुसरा कॉलम मला इतका का झोंबतो ते सांगते. मागच्या हिवाळ्यात डीएमनं घरी बनवलेला एक राक्षस आणला. नाव मोठं, शिंगं मोठी, आणि विद्या प्लेन शिफ्ट. हा सातव्या पातळीचा मंत्र. स्वतः जायचं तर जा, हातात हात धरून उभ्या असलेल्या आठ राजीखुशीच्या साथीदारांना घेऊन जा, किंवा... एखाद्या नको असलेल्या माणसाला नुसता हात लावून दुसऱ्या लोकात फेकून द्या. हात बसला, की समोरच्यानं करिश्माचा सेव्हिंग थ्रो टाकायचा. हुकला, की तो त्या लोकात कुठेतरी जाऊन पडतो, आणि नियमात साफ लिहिलंय, की परतीची वाट त्याची त्यानं शोधायची.

चार वाजून वीस मिनिटांनी माझी जादूगारीण आगीच्या लोकात जाऊन पडली.

आमची सगळी पात्रं तेव्हा सहाव्या लेव्हलवर होती. जादूगाराला प्लेन शिफ्ट येतं तेराव्या लेव्हलला. म्हणजे मला आणायला कोणी येऊ शकत नव्हतं, आणि मी परत येऊ शकत नव्हते. टेबलावर पाच जण धमाल करत होते आणि मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मग चकल्या संपवल्या. मग सोसायटीची पाणीकपातीची नोटीस वाचली, दोनदा. अर्ध्या-पाऊण तासानं डीएम माझ्याकडे वळून विचारायचा, ‘‘हां, तू काय करतेस?’’ मी म्हणायची, ‘‘जळते.’’ की परत तो त्यांच्याकडे!

हसू नका. पंधरा दिवसांतून चार तास मिळतात हो! कोणी शनिवारी रात्री अकरापर्यंत क्लायंट कॉलवर असतो, कोणाचं मार्च एण्ड, कोणाचे क्लिनिकचे पेशंट. कॅलेंडर जुळवायला व्हॉट्सॲपवर साठ मेसेज पडतात. एवढं करून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात खेळाबाहेर काढायचं? मेलेलं पात्र परवडलं, नवीन तरी करता येतं. हे म्हणजे ना जिवंत, ना मेलेलं. त्रिशंकू!

डीएमचं म्हणणं, की भीती वाटायला हवी. मान्य. पण भीती वाटते ती हात बसेपर्यंत. एकदा बसला, की उरतो तो फक्त कंटाळा.

म्हणजे प्लेन शिफ्ट वाईट का? नाही. पुस्तकवाल्यांनी ते बऱ्याच वेळा चलाखीनं दिलंय. माइंड फ्लेअर घ्या, तो ऑक्टोपसच्या तोंडाचा मेंदूखाऊ. त्याला प्लेन शिफ्ट आहे, पण दिवसातून एकदा आणि ‘फक्त स्वतःपुरतं’. दोन शब्दांची अट, पण केवढा फरक! तो पळेल, पण तुमच्यातल्या कोणाला उचलून नेणार नाही. राक्षस तयार करताना बहुतेक जण मंत्र उचलतात आणि ही अट पुस्तकातच विसरतात.

आणि आपला देशी भाऊ? आहे की! डी ॲण्ड डीमध्ये ‘रक्षस’ १९७७च्या पहिल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्येही आहे. वाघाचं डोकं, उलटे तळवे, आणि त्यातल्या चित्रात तर अंगात झकपक कोट घालून पाइप ओढत बसलेला. रावणाच्या दरबारात याला कोणी उभं केलं नसतं, पण स्टाइल मानली पाहिजे! गंमत अशी, की २००३च्या साडेतीन आवृत्तीत हा गृहस्थ मंत्र टाकायचा, रूपं बदलायचा, पण लोकांतराची स्वतःची विद्या त्याला नव्हती. २०१४मध्ये ती मिळाली : प्लेन शिफ्ट, दिवसातून एकदा, आणि इथे ‘फक्त स्वतःपुरतं’ ही अटही नाही. वर सहाव्या पातळीपर्यंतचा कोणताही मंत्र त्याच्यावर चालत नाही. पण त्याची श्रेणी आहे १३. म्हणजे तो ज्यांच्यासमोर येतो, त्यांच्यातल्या जादूगाराला साधारण त्याच सुमारास प्लेन शिफ्ट येऊ लागलेलं असतं. तो पळाला, तर हे मागे जाऊ शकतात. त्यानं कोणाला फेकलं, तर हे आणायला जाऊ शकतात. (अर्थात २५० सोन्याच्या नाण्यांची, त्या लोकाच्या सुराशी जुळवलेली धातूची दुफाटी सळई खिशात असेल तर. तिकीट काढल्याशिवाय नारदही नाही!) आमच्या डीएमनं हीच विद्या सहाव्या लेव्हलच्या पोरांसमोर ठेवली, तिथे सगळा झोल झाला.

आता ज्याच्यावर माझा खरा जीव आहे तो प्राणी. फेज स्पायडर! अस्वलाएवढा कोळी. हा लांब कुठे जात नाही. शेजारच्या इथिरियल धुक्यात शिरतो, भिंतीतून फिरतो, आणि तुमच्या पाठीमागे उगवतो. चावतो. परत धुक्यात. विद्येचं नाव इथिरियल जॉण्ट.

एकच कोळी, एकच विद्या, पण दोन आवृत्त्यांत दोन वेगळे राक्षस आहेत, आणि स्वतःचा राक्षस बनवणाऱ्यानं शिकायचं ते इथे. साडेतीन आवृत्तीत हा कोळी धुक्यातून बाहेर यायचा ते फुकटात, आणि परत जायला त्याला फक्त चालण्यापुरता वेळ खर्च करावा लागायचा. म्हणजे एकाच पाळीत तो आला, चावला आणि गेला! तुमची पाळी येते तेव्हा समोर रिकामी खोली. मग उपाय एकच : ‘तो दिसला रे दिसला की मी मारतो’ असं आधी जाहीर करून दबा धरून बसायचं. सगळे दबा धरून बसतात, डीएम कोळ्याची पाळी खेळतो, सगळे एकदम तुटून पडतात. ऐकायला भारी वाटतं, पण चौथ्या फेरीला ते बॅंकेच्या रांगेसारखं होतं.

२०१४मध्ये एकच शब्द बदलला. येणं असो वा जाणं, कोळ्याला त्यासाठी बोनस ॲक्शन लागते, आणि ती एका पाळीत एकदाच मिळते. आता हिशेब करा. पहिल्या पाळीत तो बाहेर येतो आणि चावतो. बोनस ॲक्शन संपली, परत जाता येत नाही, सगळी फेरी तो तुमच्यासमोर उघडा. दुसऱ्या पाळीत चावतो आणि मग धुक्यात जातो. त्या फेरीत तुमच्यासमोर कोणी नाही. तिसऱ्यात पुन्हा बाहेर. म्हणजे दर दोन फेऱ्यांत तुम्हाला एक अख्खी फेरी मिळते, आणि ज्या फेरीत तो नाही तिथे तुम्ही जखमा बांधता, पाठीला पाठ लावता, ‘भिंतीपासून लांब उभे राहा रे’ म्हणून ओरडता. एकूण ३२ हिट पॉइंटचा प्राणी, श्रेणी जेमतेम ३, पण टेबलावर कोणी मोबाइलला हात लावत नाही. कोणीही रिकामं नाही. माझ्या दोन्ही कॉलमांत पैकीच्या पैकी!

शिवाय अगदी दुसऱ्या पातळीचा, तिसऱ्या लेव्हलला मिळणारा ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ हा मंत्र टाकला, तर इथिरियल धुक्यातलंही दिसतं. मारता येत नाही, पण ‘डावीकडून येतोय!’ असं सांगता येतं. माझ्या जादूगारीणीनं एकदा अख्खी लढाई नुसती हेच ओरडून जिंकून दिलीये.

ब्लिंकबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाळी संपली की फासा टाकायचा, निम्म्या वेळा तुम्ही गायब, पुढच्या पाळीला परत हजर. राक्षसाला दिलं तर डीएमला फाशांचा जादा उद्योग, एवढंच. आणि गेट? नवव्या पातळीचा मंत्र, पाच हजार नाण्यांचा हिरा, पाच ते वीस फूट रुंदीचं गोल भगदाड. घरी बनवलेल्या राक्षसाला गेट द्यायचं, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला हत्ती आणायचा. पण त्यातली एक गोष्ट चोरण्यासारखी आहे. भगदाड दोन्ही बाजूंनी उघडं असतं. राक्षस गेला, तर ज्याच्यात दम आहे तो मागून उडी मारू शकतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्या सीझनमध्ये झाडाच्या बुंध्यातलं भोक आठवतंय? नॅन्सी त्यातून सरपटत पलीकडे जाते. तो प्राणी नुसता हवेत विरला असता, तर ती मालिका आठ भाग कशी चालली असती?

आणि आता नाइट हॅग. म्हणजे आपली हडळच म्हणा, फक्त पाय उलटे नाहीत. ही बाई इथिरियल धुक्यात शिरते आणि तिथून झोपलेल्या माणसाला हात लावते. तासभर भयंकर स्वप्नं पडतात, झोपेचा काही उपयोग होत नाही, आणि माणूस रोज थोडाथोडा खंगत जातो. तुम्ही पहारा द्या, दार लावा, कडी घाला... ती आत आलेलीच नसते! गावात एकेक माणूस पांढरा पडत चाललाय आणि कोणालाच काही दिसत नाही. कसलं भारी ना?

पण हिची खरी गंमत वेगळीच आहे. धुक्यात शिरायची विद्या तिच्या अंगात नाही, ती तिच्या जवळच्या एका काळ्या चमकदार खड्यात आहे. हार्टस्टोन. तो जवळ नसेल, तर तिला त्या वाटेनं ना जाता येतं, ना परतता येतं. म्हणजे तेराव्या लेव्हलची वाट न बघता, पाचव्या लेव्हलचा भुरटा चोरसुद्धा खिसा कापून तिची वाट बंद करू शकतो. पोपटात जीव असलेल्या राक्षसाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पब्लिकला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सीएनं तर पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘‘खडा कुठे ठेवते ती?’’ (हिला स्वतःपुरतं प्लेन शिफ्टही आहे, दिवसातून दोनदा. आम्ही आमच्या टेबलापुरतं ते काढून टाकलं. हरताना ती नरकात पळून गेली, तर खडा चोरून काय फायदा?)

आणि मजा बघा, नवा राक्षस बनवताना त्याची श्रेणी कशी ठरवायची याचं एक लांबलचक कोष्टक २०१४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आहे. त्यात या हॅगच्या इथिरियल विद्येमुळे श्रेणीत काडीचाही फरक पडत नाही! पुस्तक मोजतं ते घाव आणि हिट पॉइंट. गावभर पसरलेली ती भीती आणि तो खडा मिळवण्याची धडपड कोष्टकात येत नाही. ते आपल्यालाच मोजावं लागतं.

एवढी सगळी भांडणं झाल्यावर ठरलं, की आपण आपला राक्षस बनवायचा. परदेशी पुस्तकातला नको, आणि वाघाच्या डोक्याचाही नको. चकवा!

चकवा माहीत नाही असा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. रात्री रानातून जाताना चकवा लागतो, माणूस रात्रभर चालतो, चालतो, आणि उजाडल्यावर बघतो तर निघाला तिथेच उभा. कोकणात ऐका, घाटावर ऐका, प्रत्येकाच्या कोणत्या तरी काकांना लागलेला असतोच. आता मला सांगा, लोकांतराची विद्या याच्याइतकी कोणाला शोभेल?

डीएम म्हणाला, मेझ देऊ. आठव्या पातळीचा मंत्र, समोरचा माणूस थेट एका चक्रव्यूहात, बाहेर पडायला बुद्धीच्या जोरावर २० गाठायचे, दहा मिनिटांपर्यंत अडकून. नावालाही जुळतं. पण मेझ एकाच माणसाला नेतो. म्हणजे परत कोणीतरी स्वयंपाकघरात चहा टाकणार! मी सरळ सांगितलं, की यावेळी चहा तू टाकायचा.

उत्तर सापडलं ते नाइटमेअरमध्ये. हा आगीची आयाळ असलेला घोडा. तो इथिरियलमध्ये जाताना जवळच्या तिघांपर्यंत सोबत नेऊ शकतो, अट एकच : ते राजी हवेत. राजी! डेंटिस्ट एकदम ओरडला, ‘‘अरे, चकव्याच्या मागे माणूस आपल्या पायानंच जातो की!’’

बस्स. तिथे राक्षस तयार झाला. चकवा लांबवर कंदील दाखवतो किंवा ओळखीच्या आवाजात हाक मारतो. जो त्याच्या दिशेनं आपणहून चालत जातो, तो राजी. सेव्हिंग थ्रो नाही, काही नाही, कारण जबरदस्ती झालेलीच नाही. आणि तिघांची मर्यादा काढून टाकली, जितके मागे जातील तितके सगळे. डीएमनं आधी इशारा द्यायचा, तोच वाकडा आंबा दुसऱ्यांदा दिसला, तिसऱ्यांदा दिसला. तरीही चालत राहिलात, तर सगळे मिळून इथिरियलच्या काठावर. बाहेर पडायचं, तर चालणं थांबवून दहा मिनिटं एका जागी बसायचं आणि बुद्धीवर १३ गाठायचे. नाहीच जमलं, तर उजाडल्यावर आपोआप सुटका. चकवाही तितका वेळ त्याच धुक्यात अडकलेला, म्हणजे हिंमत असेल त्यानं त्याला तिथेच गाठावं. ताकद पुस्तकातल्या साध्या भुताइतकी, ४५ हिट पॉइंट, श्रेणी ४.

एका गोष्टीवर मात्र पुन्हा वाजलं : चकव्याचा मूळ लोक कोणता? आयटीवाल्यांचं मत, इथिरियल. दिसायला बरोबर. पण सातव्या लेव्हलपासून मिळणारा बॅनिशमेंट नावाचा मंत्र आहे. परलोकातल्या प्राण्यावर तो एक मिनिट टिकवून धरला, की प्राणी त्याच्या घरी रवाना, आणि स्वतःहून परत येत नाही. इथल्याच प्राण्यावर टाकला, तर मिनिटभर गायब आणि मग पुन्हा हजर. म्हणजे राक्षसाला परकं घर दिलं, की खेळाडूंच्या हाती त्याला हाकलायचं शस्त्र दिलं. सीए म्हणाली, ‘‘चकवा कुठून येत नाही. तो आपल्या गावचाच असतो.’’ मतं पडली, चार विरुद्ध दोन. चकवा इथलाच. त्याला हाकलता येत नाही, त्याचं काय ते इथेच निस्तरावं लागतं.

मागच्या महिन्यात तो पहिल्यांदा टेबलावर आला. डेंटिस्टचं पात्र त्याच गावचं होतं, एक साधा शिपाई. सगळे कंदिलामागे गेले आणि धुक्यात शिरले. त्या काठावरून आपलं जग दिसतं, पण राखाडी, आणि साठ फुटांपलीकडचं काही नाही. ऐकूही येतं. भिंतीतून जाता येतं. तर हा शिपाई सरळ स्वतःच्या घराच्या भिंतीतून आत गेला. डीएमनं सांगितलं, आई चुलीपाशी बसलीय, ताट वाढून ठेवलंय, आणि शेजारणीला सांगतेय, की येईलच आता, वाटेत असेल. तो म्हणाला, मी हाक मारतो. ऐकू जात नाही. खांद्यावर हात ठेवतो. लागत नाही.

टेबलावर कोणी काही बोललं नाही. डेंटिस्टनं फासा उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाला, ‘‘मी इथेच बसतो. तिच्या शेजारी. दहा मिनिटं.’’

आणि बसलं, की सुटतं! त्याला १६ पडले. आईच्या शेजारी, वाढलेल्या ताटासमोर, शिपाई हजर. बाकीचे चार जण अजून रानात गोल गोल, मी चकव्याच्या मागे तलवारवाल्याला पिटाळतेय, सीए आंब्याच्या झाडांवर खुणा करतेय. पावणेआठ वाजले तेव्हा कोणाला कळलं नाही. चकवा मेला नाही, जखमी होऊन पांगला.

त्यानंतर जे झालं ते डीएमच्या डोक्यातही नव्हतं. सीएनं हिशेब मांडला. चकव्याबरोबर धुक्यात गेलं, की भिंतीतून जाता येतं. बसून १३ गाठले, की जिथे बसलो तिथेच बाहेर पडतो. मग ज्या सावकाराच्या वाड्यात आम्हाला तीन सेशन शिरता येत नाहीये, त्याच्या कोठीच्या खोलीत जाऊन बसायचं! म्हणजे आता आम्हाला चकवा मारायचा नाहीये, तो शोधायचाय. रात्री, वाड्याजवळ, आणि तिथे मुद्दाम राजीखुशीनं त्याच्या मागे जायचंय. डीएमनं दोन मिनिटं नियम चाळले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘‘चालेल. पण उजाडायच्या आत बाहेर या, नाहीतर पडाल थेट आंब्याखाली.’’

येत्या रविवारी चार वाजता. सीएनं ऑडिटच्या क्लायंटला आत्ताच सांगून ठेवलंय, की त्या दिवशी चार ते आठ फोन लागणार नाही.